एरंडाकडच्या ओळी

फोन आला तेव्हा मी ओट्यावर साखरेच्या डब्याभोवती हळदीचं रिंगण घालत होते. पावसाळ्यात परतूरच्या माझ्या घरात मुंग्यांची चंगळ असते. फोनवर अक्काचा मुलगा होता. अक्का पहाटे झोपेतच गेली, एवढंच तो कसंबसं बोलला. मी नुसतं "बरं" म्हणाले... आणि पिवळ्या बोटांनी तशीच खुर्चीत बसून राहिले. माझ्याकडे आली की ती आधी त्या डब्याकडे बघायची आणि हसायची. मुंग्यांच्या बाईच्या सख्ख्या बहिणीकडे ही तऱ्हा, असं तिला म्हणायचं असायचं. त्या दिवशी ते हसू इतकं स्पष्ट दिसलं, की रडू यायला दुपार उजाडावी लागली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम. जालन्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तिची उमर गेली. पोरं तिला मागून 'मुंगीवाल्या मॅडम' म्हणायची. हे तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आमचं गाव वाटूरजवळ. छप्पन साली आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पहिलं काम केलं ते अक्काला शाळेत घालण्याचं. शाळेत ती हुशार होतीच, पण तिचा खरा अभ्यास चालायचा तो खळ्याच्या कडेला. तिथल्या वारुळाभोवती एरंड उगवायचा. कुणी लावला म्हणावं तर कुणीच नाही. मायला वाटायचं पाखरं आणत असतील. अक्का सलग कितीतरी दुपारी तिथे बसली आणि एक दिवस घरात येऊन तिने निकाल दिला, की हे सगळे एरंड मुंग्यांचे आहेत. एरंडीच्या टोकाला एक मऊ बोंडुक असतं. त्यासाठी मुंग्या अख्खी बी ओढत वारुळात नेतात, तेवढं खातात आणि बी बाहेरच्या उकिरड्यावर टाकून देतात. तिथे ती आरामात रुजते. माय म्हणाली, एवढं बारीक बघायला लागलीस तर भाकरी कधी शिकशील? भाकरी अक्काला शेवटपर्यंत धड आली नाही, हे मी इथे प्रेमाने नमूद करते.

एम.एस्सी. होऊन ती औरंगाबादहून परतली ते बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचं वर्ष होतं. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. पीएच.डी.साठी तिने विषय धरला होता कपाशी आणि मुंग्यांचा. तिचं म्हणणं असं, की कपाशीचं पान स्वतःच मुंग्यांना गोड पाजतं. पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेवर बारीकशी खळगी असते, तीत रस येतो. मुंग्या त्यासाठी झाडावर हिंडतात आणि हिंडता हिंडता अळ्या उचलतात. तिच्या मार्गदर्शक सरांना हे पटत नव्हतं. ते म्हणत, मुंग्या येतात त्या मावा नावाच्या किडीच्या गोड चिकट्यासाठी आणि वर त्या किडीलाच सांभाळतात. शेवटी ठरलं, की सर स्वतः आमच्या शेतात येतील. मावा नसलेल्या झाडावर मुंग्या दिसल्या तर विषय मंजूर, नाहीतर अक्काने दुसरा विषय घ्यायचा. दुसरा म्हणजे सरांच्या आवडीचा, शेवाळाचा. आमच्या रानात शेवाळ शोधायचं म्हणजे विहिरीत उतरावं लागलं असतं. थट्टा सोडा, पण अक्काची झोप उडाली होती. आबा दोन वर्षं तिची स्थळं परत पाठवत होते, अख्ख्या वस्तीने तिच्यावर आशा लावली होती, आणि आता सगळं एका सकाळच्या मुंग्यांवर येऊन थांबलं होतं.

सरांना आणायला अक्का परतूर स्टेशनवर गेली आणि इकडे वस्ती कामाला लागली. घरं सारवली, रस्ता झाडला, कुणाच्या तरी घरून कपबशा आल्या. आबा पहाटेच शेतात गेले होते. अक्का सरांना घेऊन बांधावर पोचली तेव्हा मीही मागे होते. समोर कपाशी पांढरीफटक होती. आबा आणि दोघे गडी फडक्यात बांधलेली कीडनाशकाची पावडर झाडांवर झटकत बरेच पुढे गेले होते आणि घामेजून, मोठ्या आनंदाने उभे होते.

"तुझ्या सायबाला मुंग्या चावू नयेत म्हणून सकाळपासून पावडर मारून राह्यलो," आबा म्हणाले. "बराबर मारली. एक बी मुंगी ठेवली न्हाई."

त्यांची चूक तरी काय म्हणायची? पोरगी मुंग्यांचा अभ्यास करते म्हणजे मुंग्या घालवायचं औषध शोधते, हेच आबांना आणि सगळ्या गावाला वाटत होतं. मुंग्यांचा दुसरा अभ्यास असतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यात घरी पाहुणा येणार, तोही औरंगाबादचा. सरांनी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, अक्का आता आबांना तोडून बोलणार. पण अगदी शांतपणे तिने विचारलं.

"आबा, पावडर कुठवर पुरली?"

"सरली ना मधीच. एरंडापस्तोर न्हाई पुरली."

अक्का जवळजवळ पळतच शेताच्या त्या टोकाला गेली. बांधावरच्या एरंडाला लागून शेवटच्या काही ओळी हिरव्यागार उरल्या होत्या. तिने एक पान उलटं केलं आणि भिंग सरांच्या हातात दिलं. पानावर मावा औषधालाही नव्हता. शिरेवरच्या खळगीला तोंड लावून एक काळी मुंगी पीत होती. सरांनी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, मग चिखलात गुडघे टेकून ते पार खालच्या पानांपर्यंत गेले. उठल्यावर म्हणाले, मुंग्या येतात हे दिसलं, पण त्यात झाडाचा फायदा काय?

अक्काने पांढऱ्या ओळींकडे बोट दाखवलं. "ते आता कळेल, सर. आबांनी तुलनेला बिनमुंग्यांचं शेत आयतं करून दिलंय. तुम्ही दसऱ्याच्या सुमारास परत या."

सर आले. तोवर पावसात पावडर धुऊन गेली होती आणि त्या ओळींत अळ्यांनी पानांची चाळण केली होती. एरंडाकडच्या ओळी त्या मानाने चांगल्या होत्या. पण अक्काने तेव्हाही फुशारकी मारली नाही. उलट तिनेच सरांना सांगितलं, की पावडरीने मुंग्यांबरोबर कोळी आणि इतर किडेही मेले, म्हणून एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, नीट करून बघावं लागेल. मला वाटतं, विषय मंजूर झाला तो त्या वाक्यावर. पुढे कितीतरी हंगाम ती ते नीट करत राहिली. निवडक झाडांच्या बुंध्याला बैलगाडीच्या वंगणाचा पट्टा फासायची, म्हणजे मुंग्या वर चढत नसत, आणि शेजारची झाडं मोकळी ठेवायची. घरातलं सगळं वंगण कपाशीला लागल्यामुळे आमची गाडी गावभर करकरायची. लोक हसत. आबा ताठ मानेने कासरा धरून बसत आणि सांगत, पोरगी डाक्टर व्हायलीय, करकरू द्या.

आणि ती झाली. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. त्या दिवशी आबा शेतात जाऊन एरंडाखाली बसले. पुढच्या हंगामात पावडर मारताना त्यांनी त्या शेवटच्या ओळी आपणहून सोडल्या, आणि मग दरसाल सोडतच गेले. आबांनंतर धाकट्या भावानेही तोच शिरस्ता ठेवला. अक्काच्या हाताखाली किती पोरं शिकून कुठे कुठे गेली, त्याचा अभिमान आहेच. पण मला सगळ्यात जास्त मिरवावंसं वाटतं ते आमच्या अडाणी म्हणवणाऱ्या बापाने मुलीच्या म्हणण्याला शेतात दिलेल्या या जागेबद्दल.

अक्काच्या पुण्यानुमोदनाला, तिला श्रद्धांजली वाहायच्या विधीला, गावी गेले होते. जेवणं झाल्यावर एकटीच शेतात गेले. कपाशी पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, आली होती. दुसऱ्या गावाहून रोजाने आलेला एक तरुण पाठीवर पंप घेऊन फवारत चालला होता. एरंडाजवळ पोचल्यावर त्याने पंप बंद केला आणि तो मागे वळला. मी विचारलं, इथल्या ओळी का राहिल्या?

"तिथं न्हाई मारायचं. अक्काच्या ओळी हायेत त्या."

"अक्का कोण?"

"ते काय माहीत न्हाई बाई. पण सगळेच सोडतात."

मी वाकून एक पान उलटं केलं. मुंगी होती. मग त्याला जवळ बोलावलं, ती दाखवली आणि अक्का कोण ते सांगायला लागले.