सिदोनीबाईंची तीन डझन अंडी

सिदोनी मार्शो शब्दाला पक्की, असं सगळं गाव म्हणायचं. नवरा गेल्यापासून तीस वर्षं तिनं कोंबड्या पाळल्या. चर्चपुढच्या गुरुवारच्या बाजारात तिची टोपली पहिली रिकामी व्हायची. शेजारी ओगुस्त बसायचा. त्याचीही अंडी तशीच, तांबूस. पण तो अबोल, म्हणून गिऱ्हाईक कमी.

त्या शरदात बेकरीवाल्या ऑर्तान्सनं नातवाच्या बाप्तिस्म्याच्या केकसाठी सिदोनीला तीन डझन अंडी सांगितली आणि ओगुस्तला एक डझन. पण सिदोनीच्या कोंबड्यांची पिसं झडत होती, आणि त्या दिवसांत कोंबड्या अंडी कमीच देतात. अंडी भरली अडीच डझन.

बुधवारी संध्याकाळी तिला काटेरी झुडपांच्या जाळीत एक कोंबडी दिसली. हात घातला तशी तिनं कचकन चोच मारली. खाली सात अंडी होती, चांगली ऊबदार. कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवायला बसलीय, हे सिदोनीला शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अंडी दिव्यासमोर धरली असती तर आत काय आहे ते कळलं असतं. तिनं धरली नाहीत. ‘कालच बसली असेल,’ असं स्वतःला समजावत तिनं सहा अंडी पुसून टोपलीत ठेवली.

शनिवारी सगळे पाहुणे ऑर्तान्सच्या स्वयंपाकघरात जमले होते. तिनं अंडं फोडलं आणि फेटलेल्या लोण्यात पडलं ते ओलं, काळपट, चोच आलेलं पिल्लू. विहीणबाई तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून बाहेर धावल्या.

पुढच्या गुरुवारी ऑर्तान्स थेट ओगुस्तपुढे उभी राहिली.

“लाज नाही वाटली, असलं अंडं द्यायला?”

“माझं नाही ते,” ओगुस्त म्हणाला.

“मग काय सिदोनीबाईंचं? तीस वर्षं घेतेय मी त्यांच्याकडून!”

सगळ्यांनी सिदोनीकडे पाहिलं. ओगुस्तनंही. तिनं टोपलीवरचं फडकं नीट केलं.

त्यानंतर ओगुस्त बाजारात आला नाही. सिदोनीची अंडी दुप्पट खपू लागली. पण शेजारच्या रिकाम्या जागेकडे तिची नजर सारखी जायची. सहाव्या आठवड्यात ती त्याच्या घरी गेली. खुराड्याचं दार सताड उघडं होतं.

“कोंबड्या कुठंयत?”

“विकल्या. अंडी कोण घेणार होतं?”

“ओगुस्त, ते अंडं माझं होतं.”

“ठाऊक आहे मला. माझ्याकडे कोंबडाच नव्हता, सिदोनी. पिल्लू कुठून येणार?”

“मग तू बोलला का नाहीस?”

“बोललो की. तू ऐकलंस.”

तिनं आपल्या कोंबड्यांतल्या सहा चांगल्या, तरण्या तलंगा देऊ केल्या. त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि लाकडं फोडायला गेला.

गुरुवारी भर बाजारात, ऑर्तान्ससमोर, तिनं सगळं सांगितलं. खुडूक कोंबडी, पुसलेली अंडी, सगळं. ऑर्तान्सचा चेहरा उतरला. “आणि मी त्या माणसाला चारचौघांत...” एवढंच बोलून ती निघून गेली. मासळीवाला मात्र गप्प बसतोय कसला! “काय सिदोनीबाई, आज आमलेट की कोंबडीचा रस्सा?” लोक हसले. ती खाली मान घालून बसून राहिली.

ऑर्तान्स ओगुस्तकडे दोनदा जाऊन आली. त्यानं तिला कॉफी पाजली, पण पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. हल्ली तो बाजारात येतो तो पाव घ्यायला. सगळ्यांना टोपी उचलून नमस्कार करतो. सिदोनीलाही करतो, अगदी परक्या बाईला करावा तसा. त्याच वेळी तिला टोपलीत काहीतरी शोधायचं असतं.