भोंगाबाईचा मुका टीव्ही

तिला सगळे भोंगाबाई म्हणत. मागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती तेव्हा मालकाने एकदा दुपारच्या सुट्टीचा भोंगाच बंद केला. म्हणाला, बिघडलाय, घड्याळ बघून उठा. आणि घड्याळ टांगलेलं कुठे, तर त्याच्या केबिनमध्ये! ही स्टुलावर चढली आणि अशी काही ओरडली की तिन्ही खात्यांतल्या बाया हात झटकून उठल्या. त्या दिवसापासून सुट्टी हीच करायची. पुढे कारखाना बुडाला, मालक कुठे गेला कोण जाणे, नाव तेवढं राहिलं.

नवरा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर त्यातले दोन परत घ्यावेत असं वाटणारा माणूस. त्याचं सगळं काम एका ‘हं’वर चालायचं. जेवलात? हं. भाजी खारट झालीय का? हं. भोंगाबाई म्हणायची, “या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. उशीला काही होत नाही, हात माझा दुखतो.”

रंगाऱ्याला मात्र घर असंच हवं होतं. दिवसभर रिकाम्या खोल्यांत, रिकाम्या भिंतींशी तोंड करून उभं राहायचं. संध्याकाळी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आला की वरून तिचा आवाज यायचा, कुणाला तरी फाडून खात असलेला. तो ऐकला की त्याला कळायचं, नळाला पाणी आलं की नाही, लेकीचं काय चाललंय, आज आपल्याला चहा मिळणार की बोलणी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत सतत काही ना काही सांडत, फुटत, करपत असायचं. खिडकीची कडी निघून हातात यायची, मोरी तुंबायची, रंगारी स्वतःच्या घराची भिंत सोडून जगाच्या भिंती रंगवायचा, आणि या सगळ्यावर भोंगाबाईचं मत असायचं. मत नाही अशी वस्तू त्या घरात नव्हती.

टीव्ही मुका झाला तोही तिच्या मतामुळेच.

बातम्या सांगणारा एक माणूस होता. गळ्याला टाय, केसांना तेल, चेहऱ्यावर जगाची काळजी. ज्याने जन्मात पाण्याची कळशी उचलली नसेल असा. तो एका संध्याकाळी म्हणाला की कारखाने बंद पडतात, कारण कामगारांना काम नको झालंय. भोंगाबाई पाणी पीत होती. तिने भरलेला पेला तसाच भिरकावला. स्टीलचा पेला टीव्हीच्या बाजूच्या जाळीवर आदळला, पाणी आत गेलं, आत काहीतरी फुसफुसलं, आणि टायवाला गप्प झाला. चित्र शाबूत. ओठ हलताहेत, आवाज नाही.

“दुरुस्त करायला नेऊ?” रंगाऱ्याने विचारलं. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून क्वचितच निघायचं.

“हात लावायचा नाही!” ती म्हणाली. “आयुष्यात एकाला तरी गप्प केलंय मी. राहू दे गप्प.”

पण नुसता मुका टीव्ही किती वेळ बघणार? दुसऱ्या संध्याकाळी टायवाल्याने तोंड उघडलं तसं भोंगाबाईनेच त्याच्या वतीने बोलायला सुरुवात केली. घोगरा, जाड आवाज काढून. “नमस्कार. मी टायवाला. सकाळपासून माझं पोट साफ झालेलं नाही, म्हणून तोंड असं आहे. आता याचं खापर मी कामगारांवर फोडणार आहे.”

रंगारी हसला. त्याच्या हसण्यालाही आवाज नव्हता. खांदे गदागदा हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. त्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं.

झालं, रोजचा खेळच सुरू झाला. मालिकेतली सासू रडत सुनेसमोर उभी राहिली की भोंगाबाई म्हणायची, “अगं सूनबाई, एवढे दागिने घालून झोपतेस, कूस कशी बदलतेस गं?” आणि सुनेच्या बारीक आवाजात, “सासूबाई, सहा महिने झाले, मी कूस बदललेलीच नाही!” कुणी पुढारी फीत कापायला आला की, “ही कात्री मी घरी घेऊन जाणार आहे.” खालच्या मजल्यावरचा निवृत्त कारकून स्वतःची खुर्ची घेऊन वर यायचा. “वहिनी, बातम्या गंभीरपणे बघायच्या असतात,” असं रोज म्हणायचा आणि रोज शेवटपर्यंत बसायचा. आणि मध्येच, सासूचं रडणं अर्धवट टाकून, भोंगाबाई स्वतःच्या आवाजात ओरडायची, “अहो, दूध!” रंगारी धावायचा. कधी वेळेवर पोचायचा, बहुतेकदा नाही.

वर्षानुवर्षं हे चाललं. मग तिचा आवाज बसला.

“घसा बसलाय, मी नाही बसलेय,” ती म्हणायची. आधी थंड पाण्यावर ढकललं, मग रंगाऱ्याच्या कपड्यांना येणाऱ्या वासावर. सुनेचा बारीक आवाज निघेना, म्हणून सुनेलाही घोगरं बोलायला लावलं. “सर्दी झालीय तिला,” असं सांगितलं. शेवटी लेक आली आणि तिला ओढत दवाखान्यात घेऊन गेली, रंगारी मागोमाग.

डॉक्टर कागदातून मान वर न काढता म्हणाला, “गाठ वाईट आहे. आवाजाची पेटी काढावी लागेल.”

“आणि मी भांडायचं कशाने?”

“जीव वाचेल, बाई.”

तिथे ती आणखी काही बोलली नाही. रस्ताभर बोलली नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, जिथे रंगाऱ्याला रोज तिचा आवाज ऐकू यायचा नेमक्या त्याच जागी, कठड्याला धरून उभी राहिली.

“अहो, तुम्ही सांगा. काढू?”

उभ्या संसारात तिने त्याचं मत कधी मागितलं नव्हतं. रंगाऱ्याला वाटलं, पायाखालची पायरी सरकली. तिच्याकडे बघवेना. तो म्हणाला, “हं.”

तिने तो होकार धरला. तो होकार होता का, हे रंगाऱ्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मला सोडून जाऊ नकोस, असं काहीसं म्हणायचं होतं त्याला. आयुष्यभर ज्या एका अक्षरावर निभावलं, ते त्या दिवशी फार लहान पडलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो घरी जाऊन आंघोळ करून, घोटभर चहा घेऊन परत गेला. तिला ढकलगाडीवरून नेत होते. दाराशी तिने हात वर करून गाडी थांबवली. लेकीला वाटलं, आई काहीतरी मोठं बोलणार. डोळे पुसून ती पुढे झाली.

“अहो,” भोंगाबाई म्हणाली, “गॅस बंद केलात ना?”

“हं,” रंगारी म्हणाला.

दार लागलं. तिच्या आवाजातलं शेवटचं वाक्य ते.

गॅस बंद केलेला नव्हता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जिन्यात करपट वास होता आणि कारकून रंगाऱ्याच्याच दारात उभा होता. एक किल्ली त्याच्याकडे असायची.

“रंगारी, इमारत जाळायची होती का आमची? पातेलं बघा, कोळसा झालाय.”

रंगाऱ्याने ते काळं पातेलं मांडीवर घेतलं आणि खाली बसला. दूध उतू जातंय हे या घरात एकच जण सांगायचं.

कारकून थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, “खिडक्या उघडतो मी,” आणि एकेक खिडकी उघडत राहिला.

आता लेकीचं ऐका. पोर मनाने चांगली. तिला वाटलं, आई मुकी होऊन येणार, बाबा जन्माचे मुके, घर खायला उठेल. म्हणून आई दवाखान्यात असताना तिने मेकॅनिक आणला. त्याने टीव्हीच्या डोक्यावर एक छोटा स्पीकर बसवला, वायर मागे जोडली. आई घरी आली, गळ्याला पट्टी, तिथे श्वासापुरतं भोक. तिला पलंगावर नीट बसवलं आणि लेकीने हौसेने बटण दाबलं.

“आई, बघ! आता घर सुनं नाही वाटणार तुला.”

टायवाला बोलू लागला. इतक्या वर्षांनी. त्याचा आवाज जाड नव्हता, घोगराही नव्हता. पातळ होता, गोड होता, एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला बोलावं तसा. खोलीभर तोच. भोंगाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ उघडले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

मग तिचा हात उशाशी चाचपडला. तोच पेला होता, पोचा आलेला. तिने सगळी ताकद लावून तो फेकला. तो टीव्हीपर्यंत पोचलाच नाही. सतरंजीवर पडला आणि गडगडत लेकीच्या पायाशी जाऊन थांबला.

“आई, माझं काय चुकलं?” लेक रडायला लागली.

भोंगाबाईने भिंतीकडे तोंड केलं.

ते तोंड मग ती इकडे वळवेना. लेकीने पाटी आणून दिली. भोंगाबाई मोर्च्यांचे फलक बघत वाचायला शिकलेली, लिहिणं तिला कष्टाचं. तिने एकदाच लिहिलं, ‘नको’, आणि पाटी पालथी घातली. खरंच आहे, पाटीवर कुणाला शिव्या देता येतात? खडू घासून होईपर्यंत राग निवतो माणसाचा. पातळ पेज दिली तर घ्यायची, नाहीतर तीही नाही. आयुष्यभर जगाकडे तोंड करून उभी राहिलेली बाई पोपडे आलेल्या भिंतीकडे बघत पडून राहिली. ती भिंत रंगाऱ्याने कधी रंगवली नव्हती.

एका संध्याकाळी लेक तिच्या घरी गेली होती. टीव्ही चालू होता. रंगारी उठला, पुट्टी लावायची पट्टी काढली आणि स्पीकरची वायर मागून कापून टाकली. टायवाला गप्प झाला. रंगारी पलंगाच्या कडेला बसला. तळवे घामेजले होते, पहिल्यांदा इमारत रंगवायला दोरांच्या उंच झुल्यावर चढला तेव्हा घामेजले होते तसे.

“नमस्कार,” तो म्हणाला. “मी... मी टायवाला.”

पुढे सुचेना. पडद्यावर पुराचं गळ्याइतकं पाणी भरलं होतं, लोक गाद्या डोक्यावर घेऊन चालले होते.

“आज,” रंगारी म्हणाला, “ऊन आहे.”

पलंग कुरकुरला. भोंगाबाईने मान वळवली होती. आधी टीव्हीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, असं रोखून बघितलं की एरवी तो पळूनच गेला असता. तिने पेला उचलला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर हाणला. ठण्!

“चुकलं?”

ठण्!

“मग काय म्हणू?”

ती कसं सांगणार? रंगारीच बोलत राहिला. वाईट बोलायचा. टायवाल्याचं तोंड मिटलं तरी याचं वाक्य संपायचं नाही, सासू आणि सून एकाच आवाजात, पुढारी आला की हा अडखळायचा. पण पेला वाजायचा. एक ठोका म्हणजे चूक. दोन म्हणजे, काय मूर्ख माणूस आहे हा! आणि एकदा, तो सुनेच्या आवाजात “सासूबाई, गॅस बंद केलात ना?” असं म्हणून गेला, तेव्हा पेला वाजलाच नाही. तो दचकून वळला. भोंगाबाईचे खांदे गदागदा हलत होते. हसत होती की रडत होती ते त्याला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पण डॉक्टरचा सौदा खोटा निघाला. आवाज घेतला, जीव काही दिला नाही. दुखणं गळ्यातून खाली उतरलं. पेल्याचा ठोका हलका होत गेला. रंगारी मुद्दाम चुका करू लागला, ढळढळीत, लहान मूलही पकडेल अशा. तेवढ्यासाठी तरी तिने हात उचलावा. ती उचलायची. मग नुसती बोटं पेल्यावर आपटायची.

एका संध्याकाळी त्याने टायवाल्याच्या तोंडून सांगितलं की कामगारांना काम नको झालंय. ठोका आला नाही. त्याने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मग टीव्ही बंद केला आणि लेकीला बोलवायला खाली गेला.

लेक म्हणते, बाबा, माझ्याकडे चला. तो हं म्हणतो आणि जात नाही. तिची चूक तिला अजून बोचते, ती टीव्हीकडे बघतही नाही. कारकून खुर्ची घेऊन वर येत नाही आता. आपल्या दाराबाहेर जिन्यात बसतो.

दिवेलागणीला वरून आवाज येतो. अडखळता, जाड करायचा प्रयत्न केलेला. नमस्कार, मी टायवाला. मग चूक होते, आणि रंगारी स्वतःच पेला उचलून रिकाम्या पलंगाच्या दांडीवर मारतो. ठण्. आपण कुठे चुकतो, हे त्याला आता पक्कं कळतं. पण दोन ठोके कुठे द्यायचे ते कळत नाही. तिथे तो थांबतो, पेला हातात धरून, खाली जिन्यातल्या कारकुनाला वाटतं आता दिला, आता दिला, आणि तेवढ्यात आत गॅसवर दूध उतू जातं.