कच्ची पाटी

धरणगावच्या बाजारात साबण विकणाऱ्या अक्काचं नाव मी चार वर्षांत विचारलेलं नाही. घरी केलेल्या प्रत्येक खेपेची एक वडी ती सगळ्यांदेखत जिभेच्या टोकाला लावून पाहते. सोडा पुरता जिरलेला नसल्याने जीभ चुरचुरली, की "कच्चा शे" म्हणते आणि ती सगळी खेप टोपलीखाली झाकून ठेवते. गिऱ्हाईक उभं असलं तरी देत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तिची विक्री वाढावी म्हणून परवा एक पाटी रंगवून नेली: 'तिळाच्या तेलाचे सगळे गुण या साबणात.' तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत ती मोठ्याने वाचली.

"भाऊ, तेलमा कॉस्टिक सोडा पडना की त्याना साबन व्हई जास. मंग ते तेल राहस नही. मी सोडा जराखा कमी टाकस, म्हनीसन थोडं तेल ऱ्हाई जास. तेवढंच अंगले लागस, आनि तेबी निम्मं पानीसंगे चालनं जास."

"पण अक्का, सगळेच असं लिहितात."

"लिखू दे त्यास्ले."

तेवढ्यात माझी पाटी वाचून एका बाईने भेगाळलेले हात पुढे केले आणि सहा वड्या मागितल्या. अक्काने तिला एकच दिली. "हाई धुवाले. भेगास्ले घरनं तेल लाव."

बाई गेली. अक्काने माझी पाटी उचलली, उलटी केली आणि टोपलीखाली, न विकायच्या वड्यांशेजारी सरकवली.

"कच्ची शे," ती म्हणाली.