मँगो म्हणून लावलेलं मँगोस्टीन

केरळच्या सहलीहून नवऱ्यानं मँगोस्टीनचं रोप आणलं आणि माझ्या हातानं आडाशेजारी लावून घेतलं. सासूबाईंनी नावातला तेवढा ‘मँगो’ उचलला. कलमी आंबा तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतो, या हिशेबानं त्यांनी उभ्याउभ्याच सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलला, “देवा, पहिलं फळ माझी सून तुला वाहील. तवर ती ह्या घरातून हलायची न्हाय.”

मी हसले. तोवर नवऱ्याची पुण्यातली नोकरी कायम होईल, मग मीही जाईन, असं मी धरून चालले होते. नोकरी कायम झाली, त्यानं खोलीही घेतली. मग पुतण्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं, की हे झाड आंब्याचं कुणीच नव्हे, कोकमाच्या भावकीतलं. फळाला आठ-दहा वर्षं घेतं, तीही भरपावसाच्या जंगलात. सासूबाईंना याचं फार वाईट वाटलेलं काही दिसलं नाही. नवरा म्हणाला, “आईच्या नवसापुढं मी काय बोलू?”

आमच्या दुष्काळी वाशी तालुक्यात उन्हाळ्यात ओठ फुटतात, आणि या मँगोस्टीन बाईसाहेबांना सतत ओल लागते. मी हिरवी जाळी बांधते, बुडाशी उसाचं पाचट पसरते, फवारणीच्या पंपानं पानं भिजवते. माहेरच्या लग्नाला गेले तरी संध्याकाळी परत. एवढं करून झाड दोन पानं काढतं आणि महिनोन्महिने गप्प बसतं. मला त्याचा राग येतो. नवरा सुट्टीला आला की आधी त्याला बघतो, मग मला. त्याचाही येतो.

यंदा एप्रिलात आडानं तळ गाठला. पानांच्या कडा करपल्या, शेंडा काळा पडला. भांडी घासताना मी पुण्याच्या खोलीत डबे कुठं मांडायचे ते ठरवत होते. संध्याकाळी धीर करून सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, झाड जळालंच तर?”

त्या गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जळू दे की. दुसरं लावू. नवस फळाचा हाय, झाडाचा न्हाय.”

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आठ-दहा वर्षं. मी पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि झाडाकडं पळाले.