पाणबुडीवरची माझी सकाळची पोस्ट

सकाळची माझी पोस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली. थीम पार्कमधली पाणबुडीची राईड बंद झाल्याचं कळलं आणि मी भरभरून लिहिलं. गोल काचा, हिरवं पाणी, डोळे मिचकावणारा ऑक्टोपस. तुम्ही "वा, बालपण!" म्हणालात आणि मी खूश.

दुपारी शोभाचा फोन आला. गावाकडे उंद्रीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, पाणबुडीच्या सहलीलाही ती होती.

"काऊन वं, तू तं आत गेलीच नव्हती! भेवानं बाहेर आमच्या सगळ्यायच्या चपला सांभाळत बसली होती."

ती हसत होती.

खरं आहे. मला घरी कुणी भित्री म्हणू नये म्हणून परतीच्या बसमध्ये शोभानेच आतलं सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सहलीच्या निबंधात मी तेच उतरवलं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, शोभा गप्प बसली. पुढे मी ते इतक्यांदा सांगितलं, की मलाच खरं वाटायला लागलं.

आज लाजेने कान तापले. माफी मागितली, म्हटलं, "तूच लिही आता, आत कसं होतं ते."

"मले कुठं आठवते वं? सकायी तुही पोस्ट वाचली, तवा आठवलं."

पोस्ट डिलीट करायला बोट गेलं होतं, ते तिथंच थांबलं. ती काढली तर शोभाची पाणबुडीही जाईल.

तुम्हीच सांगा, काय करू?