तळ न दिसणारं पाणी

पोहण्याच्या तलावाची देखभाल करण्यात उभी हयात गेलेल्या या गृहस्थांना सगळे नितळराव म्हणत, ते उगाच नाही. तळाशी पडलेली केसांची पिन काठावरून दिसली नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. असा माणूस निवृत्त होऊन बायकोच्या कोळंबी वाढवण्याच्या शेडमध्ये मदतीला गेला, आणि पाहतो तर काय, टाक्यांमध्ये चहाच्या रंगाचं पाणी, वर फेस, आणि घरात चपलेचा ठसा उमटू न देणारी ही बाई त्यात मायेने गुळाचं पाणी ओततेय. नितळरावांच्या अंगावर काटाच आला.

"अगं, यात कोणी जगेल का?"

"यातच जगतात," बायको म्हणाली. "आधी मीही खाडीचं ताजं पाणी भरत होते. त्याच पाण्यातून रोग आला आणि सगळी कोळंबी मेली. दोनदा. आता बाहेरचा थेंब आत घेत नाही. या पाण्यात चांगले जिवाणू आहेत. ते गूळ खातात, कोळंबीची घाण खातात, आणि कोळंबी त्यांना खाते. त्यांनी जागा अडवली की रोगाला हातपाय पसरता येत नाहीत."

नितळरावांनी मान डोलावली. पटलं मात्र काडीचंही नाही.

पुढे बहिणीचं ऑपरेशन निघालं म्हणून बायको परगावी गेली. "हवेचा पंप चालू ठेवा, खाणं टाका, बाकी कशाला हात लावू नका," असं बजावून गेली. नितळरावांचे हात शिवशिवत होते. बायको दमून येईल, तिला जरा सुख वाटावं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या टाकीतला गाळ उपसला, बरंचसं जुनं पाणी सोडून दिलं आणि खाडीचं पाणी फडक्यातून गाळून भरलं. इतक्या प्रेमाने केलेला घोळ दुसरीकडे सापडायचा नाही.

बायको परतली. हातातली पिशवीही खाली न ठेवता टाकीकडे बघत राहिली.

"तळ दिसतोय," नितळराव म्हणाले. बिचारे अजून शाबासकीची वाट बघत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली. "पुन्हा रोग आला तर मी शेड बंद करणार," ती म्हणाली. "मेलेली कोळंबी उपसायची ताकद नाही राहिली माझ्यात."

तेव्हा कुठे नितळरावांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि चेहरा पार उतरला.

थोड्या वेळाने ती उठली आणि तिने शेजारच्या टाकीतलं तपकिरी पाणी बादलीत घेतलं. दुधाला विरजण लावतात तसं ते या टाकीला लावायचं होतं. "आणा इकडे, मी ओततो," नितळराव म्हणाले.

"ओता. पण ही बादली या टाकीत बुडवायची नाही. आणि या टाकीला लागलेले हात धुतल्याशिवाय बाकीच्या टाक्यांकडे जायचं नाही."

कंबर धरली तरी त्यांनी बादल्या वाहिल्या, गूळ कालवून ओतला. मग रोज स्टूल टाकून टाकीपाशी बसायला लागले. खाण्याचा ट्रे तळाशी लख्ख दिसायचा, आणि खाणं तसंच पडलेलं. पाणी गढूळ व्हावं म्हणून त्यांनी जन्मात कधी कोणाची आळवणी केली नव्हती. आता करत होते.

एका सकाळी त्यांनी नेहमीसारखं वाकून पाहिलं. ट्रे दिसेना. दोरी ओढून वर घेतला, तर खाणं साफ संपलेलं, आणि दोन-चार कोळंब्या त्यात टणाटण उडत होत्या. पारदर्शक अंगातून भरल्या पोटाची काळी रेघ दिसत होती.

"अगं, ये लवकर," त्यांनी हाक मारली. "तळ दिसत नाही."

बायको धावत आली. पाण्यात हात घालून बोटं चोळून पाहिली.

"बघ ना, किती घाण झालंय," नितळराव म्हणाले.

बायकोने त्याच ओल्या हाताने त्यांचा हात धरला. "ही टाकी आता तुमची," ती म्हणाली.

कोपऱ्यातली बादली ओढून नितळराव गूळ कालवायला बसले.