सुषमाने फोटो जोडले नव्हते

गेल्या मंगळवारी सकाळीच मी सुषमाला फोन केला, तो खरं तर झापायला...

आम्ही दोघं इथल्याच, या हिंदी मुलखातल्या फादर लोकांच्या कॉलेजातले. एकच बॅच, मी कॉमर्सला, ती होम सायन्सला. आता माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीचा सेक्रेटरी मी आहे. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय देणार... कागद पूर्ण असला की मला बरं वाटतं.

दर वर्षी आम्ही एका माजी विद्यार्थ्याचा समाजसेवेसाठी सत्कार करतो. यंदा शालीबरोबर त्याच्या कामाला कॉलेजातली एक खोली वर्षभर वापरायला मिळणार होती. अर्ज तगडे आले... एक निवृत्त न्यायाधीश, एक ब्रिगेडियर, दोन डॉक्टर. सगळ्यांच्या जाडजूड फाइली.

सुषमाचा अर्ज दीड पानाचा. 'भूषवलेली पदे' समोर शिवणशिक्षिका, 'पुरस्कार' समोर नुसती रेघ. आणि कलम नऊ, 'लाभार्थींसोबतचे तीन फोटो जोडणे अनिवार्य', तिथे काहीच नाही. हे कलम माझंच होतं. मागे एकाने न केलेल्या कामाची शाल अंगावर घेतली होती, तेव्हापासून मी ते घातलं.

"फोटो नाहीत रे. माझ्याकडे येणाऱ्या बायका मना करतात," ती म्हणाली. "तू असं कर, येऊनच बघ ना."

दोन दिवसांवर छाननी, आणि ही मला आनंद नगरला बोलावतेय... चरफडत गेलो. फोटो नसलेला अर्ज बाद, हे तोंडावर सांगायचं ठरवूनच गेलो.

तिसरा मजला, दोन खोल्या, त्यातल्या एकीत शिवणयंत्र. सुषमा भाजलेल्या बायकांसाठी आणि मुलांसाठी कपडे शिवते. जखम भरली तरी वरची कातडी जाड होते, आखडते. ती दाबून ठेवायला अंगाला घट्ट बसणारा इलॅस्टिकचा कपडा महिनोन्महिने, दिवसरात्र घालावा लागतो... कुणाला हातमोजा, कुणाला बाही, कुणाला गळ्याची पट्टी. दाब किती हवा ते डॉक्टर सांगतात, माप घेऊन शिवते ही. नोकरी संपल्यापासून हेच चाललंय. आम्ही दर दिवाळीला भेटतो, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

खोली कशाला हवी, असं विचारलं. म्हणाली, "माप घ्यायचं म्हणजे पदर काढावा लागतो. आणि इथे येता-जाताच जिन्यात लोक उभे राहून बघतात. दोघी तर अर्ध्या जिन्यातूनच परत गेल्या." कॉलेजची जुनी शिवणाची खोली मागच्या बाजूला आहे, तिला वेगळं फाटक आहे. होम सायन्स बंद झाल्यापासून तिथे कुलूपच आहे. सुषमाला ती खोली हवी होती, बाकी काही नको होतं.

मग तिने कपाटातून ब्राउन पेपरच्या कटिंगचा एक गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ओळीने मांडला. सात हातमोजे. पहिला इतका लहान की माझ्या तळव्यात मावला, आणि त्याची बोटं आत वळलेली. दुसरा जरा मोठा, तिसरा आणखी... सातव्याची पाचही बोटं सरळ होती.

"सगळे एकाच मुलीचे. पहिला, ती पाच वर्षांची होती तेव्हाचा," सुषमा म्हणाली. "आता पेन्सिल धरते."

कागदांवर तारीख होती, नाव नव्हतं. हे कागद नेऊ का, म्हणून विचारलं, तर तिने प्रत्येक कागद उलटसुलट करून पाहिला, कुठे ओळख पटण्यासारखं काही नाही ना याची खात्री केली, आणि मगच दिले.

गुरुवारी छाननीत मी ते सात कागद टेबलावर ठेवले. एका सदस्याने लगेच हरकत घेतली, "ऐसे तो कल कोई भी कागज़ काटकर ले आएगा." हरकत बरोबर होती. मागच्या वर्षी मीच असं बोललो होतो. मी फक्त एवढंच म्हणालो की मी घरी जाऊन पाहून आलोय, आणि तसं सही करून लिहून देतो.

आम्हाला शिकवलेले फादर आता कमिटीचे अध्यक्ष आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी सातही कागद एकेक करून हातात घेतले, घाई न करता. मग विचारलं, "यह नौ नंबर किसने बनाया था?"

"मैंने, फादर."

"तो आप ही काट दीजिए."

मी कलमावर काट मारली. शेजारी सहीसुद्धा केली, सवयच ती...

खोली सुषमाच्या कामाला मिळाली. शाल तिने घेतली नाही, ती ब्रिगेडियरसाहेबांना द्या म्हणाली. काल किल्ली दिली. सोमवारपासून बायका मागच्या फाटकाने येतील. उद्घाटन करायचं नाही, असं तिने मला बजावलंय.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल घरी आल्यावर मी माझे स्वतःचे फोटो उघडले. दर हिवाळ्यात आम्ही काही जण करोंद मंडीतल्या हमालांना ब्लँकेट वाटतो, त्याचे. सगळ्या फोटोंत मी ब्लँकेट पुढे धरून कॅमेऱ्याकडे बघतोय.

एका फोटोत एक म्हातारे हमाल मान वळवून उभे आहेत. तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "बाबा, इधर देखिए." त्यांनी दोनदा मान वळवली, आणि दोन्ही वेळा मी त्यांना परत कॅमेऱ्याकडे बघायला लावलं...